एका कानाचं गिऱ्हाईक

रोज सकाळी तोंड धुऊन झालं की आनंदराज गजभारे चावीचं मनगटी घड्याळ उजव्या कानाशी धरायचे आणि हात हळूहळू लांब न्यायचे. कोपर सरळ होईपर्यंत टिकटिक ऐकू येत राहिली की घड्याळ मनगटावर बांधून चहा मागायचे. वेळ बघायला त्यांच्याजवळ मोबाइल होता, आणि ते घड्याळ कायम मागेच असायचं. पण त्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. डाव्या कानाकडे ते घड्याळ नेत नसत. तिथं बाराव्या वर्षापासून काहीच नव्हतं.

लातुरात आमच्या गल्लीत त्यांना सगळे आबा म्हणत. वीज कंपनीत लाईनमन होते, निवृत्तीला वर्ष उरलं होतं. खांब चढून चढून पाय धनुकलीसारखे झालेले, तळहात चामड्याचे. गल्लीतली लाईट गेली की आम्ही आधी त्यांच्या दाराकडे बघायचो, मग खांबाकडे.

त्यांचं गाव मुखेड तालुक्यातलं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा त्यांची वस्ती भर दुपारी जाळली गेली. जाळणारे ओळखीचे होते. ज्यानं आनंदराजला मारलं त्याला तो मामा म्हणायचा. त्याच्याच शेतातल्या आखाड्यावर आई ज्वारी काढायला जायची. पोरगं जळत्या घरातून पत्र्याची पेटी ओढून बाहेर आणत होतं, आणि मामानं कुऱ्हाडीचा दांडा फिरवला. तो डोक्याच्या डाव्या बाजूला बसला. कानातून रक्ताची धार लागली. ते उठून बसले तेव्हा समोर लिंबाला बांधलेल्या बापाचा गुडघा दगडानं फोडणं चालू होतं. बापाचं तोंड सताड उघडं होतं, पण किंकाळी अर्धीच ऐकू येत होती.

आबा हे फार तर दोनदा बोलले असतील. सांगायचे तेही कंपनीला बिघाड कळवावा तसं. "दांडा बसला. एका बाजूचा फ्यूज उडाला. संपलं."

त्यानंतर कुटुंब लातूरला आलं. बापाचा गुडघा पुन्हा वाकला नाही. आनंदराज आयटीआय करून कंपनीत लागले आणि पहिल्या नेमणुकीवर नांदेडला गेले. तिथंच त्यांना जॅझ भेटलं, तेही चोरीच्या विजेवर.

नांदेडला स्टेशनामागे गुंडप्पाचं भंगाराचं दुकान होतं. गुंडप्पा देगलूरकडचा, ढेरपोट्या माणूस, जीभ विळ्यासारखी. त्यानं तारेवर आकडा टाकल्याची तक्रार आली म्हणून आनंदराज तो काढायला गेले. आत गुंडप्पा कुठल्याशा मिशनच्या बंगल्यातून उचललेला रेकॉर्ड प्लेअर तपासत बसला होता. आनंदराजनी बांबूनं आकडा खाली ओढला. आत वाजणारं वाद्य हळूहळू जड होत गेलं, गुरगुरलं आणि गळा दाबल्यासारखं थांबलं.

"ओ लाईनमन साहेब," गुंडप्पा दारात येऊन म्हणाला, "मला दंड करा, फाशी द्या. पण त्याचं एवढं बोलणं संपू द्या की. अर्ध्यात कुणाचं तोंड दाबू नये."

आनंदराजनी आपल्या हातानं आकडा पुन्हा तारेवर टाकला आणि आत जाऊन उजवा कान भोंग्याकडे करून बसले. ती ट्रम्पेटची रेकॉर्ड होती. मागे ड्रम वाजत होता. तो ताल धरण्यासाठी वाजतोय असं त्यांना वाटलं नाही. कुणीतरी कुणालातरी मारत होतं, सटासट, जागा हेरून. आणि दर माराला ट्रम्पेट नव्या ठिकाणाहून उसळून येत होती.

"गुंडप्पा," ते शेवटी म्हणाले, "ह्या बाजात कुणीतरी मारून राहिलंय. आन् ज्याला बसून राहिलंय त्यो हसून राहिलाय."

"मला काय मालूम? मी किलोवर घेतलंय."

पुढची तीस-पस्तीस वर्षं आबा रेकॉर्डी गोळा करत राहिले. लातूरला बदली होऊन आल्यावरही महिन्यातून एकदा एसटीनं नांदेड गाठायचे. हैदराबादच्या जुन्या बाजारातून माल आला की गुंडप्पा फोन करायचा. त्यातही एक अट होती. आबांना फक्त मोनो रेकॉर्ड लागायची, जिच्यात सगळी वाद्यं एकाच आवाजात एकत्र येतात. स्टिरिओ लावली की डाव्या भोंग्यातली वाद्यं त्यांच्या मेलेल्या कानाच्या बाजूला जायची आणि अर्धी मैफल भिंतीपलीकडे बसल्यासारखी व्हायची. गल्लीतली आयटीआयची पोरं सांगायची, आबा, दोन वायरी जोडून टाका, झालं. आबा चिडायचे. "ज्यानं जसं वाजवलं तसं ऐकायचं. जोड मारून कशाला?"

गुंडप्पा गिऱ्हाइकांसमोर मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा, "आलं बगा आमचं एका कानाचं गिऱ्हाईक! लई भरवशाचा माणूस. एका कानानं ऐकतो, दुसऱ्यानं सोडायची सोयच न्हाई!"

आबा सगळ्यांत मोठ्यानं हसायचे.

घरात कपाटभर रेकॉर्डी झाल्या. लातूरच्या उन्हाळ्यात त्या वाकू नयेत म्हणून कपाटाजवळच्या खिडकीला ते ओलं तरट बांधायचे. चांगुणाबाई, त्यांची बायको, पदरानं वारा घेत म्हणायच्या, "रेकॉर्डीला तरट आन् आमाला घाम. पुढच्या जन्मी काळी तबकडीच होते म्हणजे पुसशील तरी."

"तू आत्ताच वाजून राहिलीस की," आबा म्हणायचे.

कॉलेजात शिकून आलेल्या आम्ही पोरी एकदा त्यांच्याकडे गेलो. ह्या संगीतात काळ्या माणसांची वेदना आहे आणि ती आपली वेदना कशी आहे, असं काहीबाही त्यांना ऐकवलं. आबांनी सुई उचलली, रेकॉर्ड थांबवली आणि आमचं बोलणं संपायची वाट बघितली. मग म्हणाले, "झालं? आता गप बसून ऐका. वेदना असंल तर येईल तिच्या पायानं."

पण ते गरीब गाय होते असंही नाही. मार खाल्लेल्या माणसाच्या हातात मार शिल्लक राहतो. खांबावर दारू पिऊन आलेल्या एका हेल्परला त्यांनी पट्ट्यानं फोडून काढलं होतं. लुंबिनी, त्यांची एकुलती एक मुलगी, आठवीत असताना तिच्या हातून सुई रेकॉर्डवर घसरली. आबांनी तिच्या मुस्काटात मारली. इतकी जोरात की ती कपाटावर आदळली. मग त्यांचं त्यांनाच कळलं की हात कुठं बसला. लुंबिनी सांगते, पप्पांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं, तिच्या एका कानाला लावलं, मग दुसऱ्या. "येतंय? सांग ना बाई, येतंय का?" ती नुसती रडत होती. ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. ती मान हलवेपर्यंत त्यांनी घड्याळ खाली घेतलं नाही. त्यानंतर त्यांनी घरात कुणावर हात उचलला नाही. भीमापर्यंत.

भीमा म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ गेल्यावर त्याचं शिक्षण, कपडालत्ता आबांनीच केला. दोन घरं सोडून राहायचा. जयंती मंडळाचा अध्यक्ष झाला होता.

निवृत्तीला वर्ष उरलं होतं, त्या थंडीत आबांची टिकटिक कोपरापर्यंत पोचेना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की उजव्या कानाची नसही थकली आहे. आवाजापासून जपलंत तर पुरेल. नाही जपलंत तर डीजेसमोरची एक संध्याकाळ बास आहे. आबा घरी आले, कपाटासमोर बसले आणि संध्याकाळपर्यंत एकही रेकॉर्ड न लावता नुसते बसून राहिले.

मार्चच्या शेवटी भीमा वर्गणीला आला. "मोठे बाबा, औंदा नांदेडची डीजे गाडी सांगितलीय. दोन मजली. छाताड फाटंल लोकांचं."

"भीमा, बँड आण. ब्रास बँड. मी स्वतः जाऊन चांगली पार्टी ठरवतो."

"बँड?" भीमा हसला. "चौकात पल्याडच्या मंडळाची गाडी समोर येणार. आन् आपण पीपी वाजवत उभं राहायचं?"

"डाक्टर काय म्हणला तुला मालूम हाय. माझा हा येकच हाय रे."

"मग त्या दिवशी लुंबिनीकडं जाऊन राहा. पुण्याला. तुमच्या एका कानासाठी अख्ख्या वस्तीनं तोंड बंद ठेवायचं का?" भीमाचा आवाज चढला. "आपल्या बापजाद्यांची वरात वेशीतनं वाजत जाऊ दिली न्हाई. तुमचा कान कशापायी गेला? आता आमी वाजवून राहिलो तर तुमालाच तकलीफ? दुसऱ्या कुणी म्हणलं असतं तर समजलो असतो."

भीमा खोटं बोलत नव्हता. आबा म्हणाले, "त्ये वाजवणं न्हाई. मारणं हाय."

"आन् हे काय हाय मग? इंग्रजाची रडारड!" भीमानं प्लेअरवरची रेकॉर्ड उचलली, गुडघ्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबली. काडकन आवाज आला.

आबांच्या हाताशी लोखंडी स्टूल होतं. ते त्यांनी उचललं आणि भीमाच्या तोंडावर हाणलं. भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. दुसरा घाव बसण्याआधी चांगुणाबाई मधे पडल्या, तो त्यांच्या खांद्यावर बसला. भीमा भिंतीला टेकून एका डोळ्यानं आबांकडे बघत राहिला. "मोजून ठेवतो हे," म्हणाला आणि गेला. त्याला टाके पडले. रेकॉर्डींच्या पुठ्ठ्यांवर उडालेलं रक्त चांगुणाबाई ओल्या फडक्यानं पुसत होत्या, आणि आबा त्यांच्या मागे उभे राहून म्हणत होते, "राहू दे. राहू दे गं."

त्यांनी पुण्याचं तिकीट काढलं. पण जयंतीच्या दोन दिवस आधी कंपनीतल्या साहेबांनी बोलावलं. नांदेडची गाडी इतकी उंच होती की चौकाजवळच्या गल्लीत तिच्यावर चढलेल्या माणसाच्या डोक्यापासून तारा हातभरच वर राहणार होत्या. मिरवणुकीसोबत लाईनमन लागणार होता.

"साहेब, दुसरा कुणी द्या. माझ्या कानाचं सर्टिफिकेट जोडतो."

"गजभारे, मिरवणूक तुमची, माणूसही तुमचाच बरा. दुसरा दिला अन् काही झालं तर उद्या बोंब होईल."

दुसऱ्या लाईनमननी माना फिरवल्या. आबा उजव्या कानात मेण आणि कापूस कोंबून ड्युटीवर गेले.

लाईनमनच्या कामाची एक रीत आहे. तारेजवळ माणसं जाणार असतील तर लाईनमन सबस्टेशनला फोन करून आपल्या नावावर परमिट घेतो. तिथला ऑपरेटर लाईन बंद करतो. मग ती पुन्हा चालू होते ती त्याच लाईनमनच्या तोंडून, माणसं खाली आली, लाईन घे, असं ऐकल्यावरच. परमिट नावावर असेपर्यंत त्यानं जागा सोडायची नसते.

संध्याकाळी गाडी गल्लीत शिरली. आबांनी परमिट घेतलं. सबस्टेशनला रेवणप्पा होता, त्यांच्या बरोबरीचा, जुना माणूस. गल्लीतले दिवे गेले. गाडी पंधरा-वीस पावलं गेली आणि थांबली, कारण चौकातून पलीकडच्या मंडळाची गाडी समोर येऊन उभी राहिली होती. आवाजाची टक्कर सुरू झाली. स्पीकरांच्या दोन भिंती एकमेकींकडे तोंड करून आदळू लागल्या. दुकानांची शटरं थडथडत होती, सायकली आपोआप पडत होत्या. एक म्हातारी ओट्यावर बसून ओकली. भीमा आणि सात-आठ पोरं स्पीकरांवर चढून नाचत होती, हातात लोखंडी पाइपला लावलेले झेंडे. पाइप वर गेला की तारेला घासायचा. तार मेलेली होती म्हणून पोरं जिवंत होती.

रेवणप्पाचा फोन आला. फोन ऐकायचा तर कापूस काढावा लागणार होता. आबांनी तो काढला आणि फोन कानाशी लावून त्या भिंतीच्या बाजूला उभे राहिले.

"गजभारे, किती वेळ? दवाखाना हाय या लायनीवर. जनरेटर बसलाय त्यांचा. साहेब लई तापलेत."

"पोरं तारेखाली हायत. पाइप हायत हातात. न्हाई देत."

पुन्हा फोन आला. पुन्हा. दर वेळी ते कापूस काढत होते. शेवटी त्यांनी तो फेकून दिला. आबांच्या नाकातून रक्त येत होतं, असं गल्लीतल्या मेडिकलवाल्यानं पाहिलं. ते गाडीवर चढायला गेले, भीमाची पोटरी धरून खाली ओढली, वर तारेकडे बोट केलं. भीमानं पाय झटकला. तो पाय आबांच्या तोंडावर बसला. वरून पोरं हसली.

रेवणप्पाचा शेवटचा फोन असा होता: "साहेब स्वतः निघालेत इकडं. म्हणतेत तुझं परमिट रद्द करतो आन् लाईन घेतो. मी हँडलला हात लावू देत न्हाई, पण मला किती वेळ धरवंल? पोरं उतरव, गजभारे."

आबा गाडीच्या मागे गेले, जनरेटरचं झाकण उघडलं आणि मेन स्विच खाली ओढला. कमरेच्या पट्ट्यातली पक्कड काढून जाड केबलही तोडली, म्हणजे कुणी पुन्हा लावू नये.

गल्ली एकदम अर्धी रिकामी झाल्यासारखी झाली. समोरच्या गाडीवरून आरोळ्या उठल्या. टक्कर जिंकली म्हणून ती पोरं शिट्ट्या मारत होती. आमची हरली होती, आणि हरवणारा घरातलाच होता, हातात पक्कड घेऊन उभा. एकेक करून सगळी पोरं स्पीकरांवरून खाली उड्या मारू लागली. आबांनी मोजल्यासारखं त्यांच्याकडे बघितलं. शेवटचा भीमा उतरला. वर कुणी राहिलं नाही.

पहिला पाइप भीमानंच मारला. तो खांद्यावर बसला. दुसरा जबड्यावर. मग कुणाचा कुठला हे कळायला मार्ग नव्हता. आबा खाली पडले, तेव्हा लाथा सुरू झाल्या. पोटात, पाठीत, डोक्यात. एकानं उजव्या कानावर टाच रोवली. कान आवाजानं गेला की टाचेनं, हे डॉक्टरांनाही पुढे सांगता आलं नाही. आबांनी हात उचलला नाही. दोन्ही हातांनी त्यांनी पोटाशी मोबाइल धरून ठेवला होता. पोरांना वाटलं पैशाचं पाकीट आहे. त्यांनी बोटांवरही मारलं.

पोलीस आले, पांगापांग झाली. दोन्ही गाड्या ढकलत मोठ्या रस्त्याला नेल्या गेल्या. मेडिकलवाल्यानं आबांना पायरीवर बसवलं. त्यांनी मोडक्या बोटांनी फोन त्याच्याकडे लावायला दिला, गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वर बघितलं, पुन्हा बघितलं, आणि फोन तोंडाशी धरून म्हणाले, "रेवणप्पा, मी गजभारे. माणसं खाली आली. लाईन घे."

रेवणप्पा सांगतो, "मी इचारत होतो, गजभारे, तुला मारलं म्हणतेत, खरं का? डोक्याला लागलं का? त्यो उत्तरच देईना. नुसतं, लाईन घे, लाईन घे."

दिवे लागले. ते बघून आबांनी फोन खाली ठेवला.

सरकारी दवाखान्यात त्यांच्या डोक्याला टाके घातले, बोटं बांधली. डॉक्टर ठेवून घेत होते. आबा आपल्या जबाबदारीवर अंगठा उठवून घरी आले. पोलिसांनी कागदावर लिहून विचारलं, कुणी मारलं? आबांनी मान हलवली आणि बांधलेला हात दाखवला, म्हणजे लिहिता येत नाही. बोलता येत होतं, पण बोलले नाहीत.

भीमा दारापर्यंत आला होता. रेवणप्पानं फोनवर त्याला सगळं सांगितलं होतं. तारेत काय येणार होतं, आणि कुणी थोपवलं. चांगुणाबाईंनी त्याला उंबरा ओलांडू दिला नाही. तो बाहेर रस्त्यावरच उकिडवा बसला, भुवईवरचा व्रण खाजवत. आम्ही सगळे आपापल्या दारांत उभे होतो.

आबा खाटेवर आडवे झाले. सकाळी चांगुणाबाई उठवायला गेल्या तेव्हा अंग थंड होतं. डोक्यात आतून रक्त साचलं होतं, असं नंतर कळलं. पण त्या रात्री ते जागे होते, आणि त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. त्यामुळे एरवी बायकोला हळूच सांगायची गोष्ट ते इतक्या मोठ्यानं ओरडले की गल्लीच्या पार टोकापर्यंत सगळ्यांनी ऐकली.

"चांगुणा, उद्या नळाला पाणी हाय! मोटर लावायला इसरू नको!"